तिथे त्याला वळीव म्हणत नाहीत

वळीव हा शब्द मला कुणी शिकवला नाही. बेळगावात वाढलेल्या कुणालाच तो शिकवावा लागत नसेल. एप्रिलमध्ये तीन-चार दिवस अंगाची काहिली होते, मग एखाद्या दुपारी चारच्या सुमाराला ढग जमतात, वारा सुटतो, आई गच्चीवरचे सांडगे गोळा करायला हाका मारते, आणि अर्धा तास दणकून पाऊस पडतो. लाइट जाते. मातीचा वास येतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळे एकमेकांना ‘काल आमच्याकडं वळीव झाला’ असं सांगतात, जसं काही ज्याच्या त्याच्या गल्लीत वेगळा झाला होता. आपल्या मंडळाच्या उन्हाळी अंकात वळवावरच्या किमान तीन कविता असतात हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातली एक गेल्या वर्षी माझी होती.

यंदा परीक्षा संपल्यावर मी एक आठवडा आत्याकडे राहून आले. त्या आठवड्यात आकाशानं इतके रंग बदलले, की घरी असते तर मी रोज ‘वळीव आला’ म्हटलं असतं. तिथे तो शब्द तोंडात येऊनही बाहेर पडला नाही. का, ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

माझी आत्या सिस्टर आहे. बावीस वर्षं ती उत्तरेतच आहे आणि गेली नऊ वर्षं ग्वाल्हेर जिल्ह्यात डबऱ्याच्या पुढच्या एका गावात. तिथे तीन सिस्टर्सचं छोटं कॉन्व्हेंट, आठवीपर्यंतची शाळा आणि एक दवाखाना आहे. आपल्याकडून गोवा एक्स्प्रेस थेट ग्वाल्हेरला जाते. भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी करत मी उतरले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी प्लॅटफॉर्मची फरशी चपलेतून गरम लागत होती. मला न्यायला शाळेचा ड्रायव्हर आणि चौकीदार असे दोघे आले होते. चौकीदाराला सगळे कक्का म्हणतात, म्हणून मीही कक्का म्हणू लागले. साठीच्या आसपासचा, किरकोळ अंगाचा माणूस. त्यानं माझ्या हातात पहिली गोष्ट दिली ती पाण्याची बाटली आणि दुसरी एक कांदा. “जेब में रखो बिटिया, लू नहीं लगेगी.” माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता, म्हणून कांदा पर्समध्ये गेला आणि पुढचा आठवडाभर माझ्या सगळ्या वस्तूंना त्याचा वास येत राहिला.

हा भाग नकाशात मध्य प्रदेश असला तरी डोळ्यांना तो मध्य प्रदेश वाटत नाही. डोंगर मागे पडलेले असतात आणि यमुनेकडे उतरत जाणारं सपाट मैदान सुरू झालेलं असतं. सपाट म्हणजे किती, हे बेळगावच्या माणसाला सांगून पटणार नाही. आपल्याकडे कुठेही उभं राहिलं तरी एखादी टेकडी दिसतेच. तिथे आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे येणारं हवामान तासभर आधी दिसतं. दिसून उपयोग काय, हा पुढचा प्रश्न.

पहिल्या दिवशी ४२ अंश होतं. लू म्हणजे नुसतं ऊन नाही. लू हा वारा आहे, पश्चिमेकडून येणारा, पूर्ण कोरडा, भाकरीच्या तव्यावरून आल्यासारखा. घाम येतो की नाही तेही कळत नाही, कारण येतो तसा सुकतो. आत्या म्हणाली, “एवढ्यानं काय होतंय? अजून उष्णतेची लाट म्हणतसुद्धा नाहीत याला.” मी मोबाइलवर शोधलं. मैदानी भागात नुसते ४० अंश पुरत नाहीत, सरासरीच्या साडेचार अंश तरी वर जावं लागतं, किंवा सरळ ४५ गाठावे लागतात. तेव्हा कुठे हवामान खातं लाट म्हणतं. त्या हिशेबानं आमचा तो दिवस साधाच होता.

खोलीत कूलर होता. पत्र्याचा भला मोठा खोका, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, पुढे पंखा. बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या जाळ्यांतून आत ओढली की पाणी वाफ होताना हवा गार करतं. पहिल्या रात्री मला चक्क चादर लागली.

दुसऱ्या रात्री तोच कूलर, तेच पाणी, पण हवा अंगाला चिकटायला लागली. मी कूलर बिघडला समजून कक्काला बोलावलं. त्यानं कूलरकडे पाहिलंसुद्धा नाही. तो दाराबाहेर गेला, हात वर करून वारा पाहिला आणि म्हणाला, “पुरवैया चल गई.” वारा फिरून पूर्वेकडून यायला लागला होता. बंगालच्या उपसागराकडची दमट हवा घेऊन येणारा तो वारा. हवेतच ओल असेल तर जाळीतलं पाणी वाफ होणार कसं? कूलर बरोबरच होता, बदल हवेत होता. त्यानंतर मी मोबाइल बघायचं कमी केलं आणि कूलर बघायला लागले.

पण कक्काच्या चेहऱ्यावर जे आलं ते कूलरमुळे नव्हतं. त्याचा गहू अजून शेतात उभा होता.

हे मला नीट समजून घ्यावं लागलं, कारण वाटेत झाशीच्या अलीकडे जी शेतं दिसली होती ती बहुतेक कापलेली होती. डबऱ्याच्या बाजूला कालव्याचं पाणी आहे, हरसी धरणाचं, म्हणून पावसाळ्यात तिथे भात लावतात. भात निघायला वेळ लागतो, मग गव्हाची पेरणी पुढे जाते, आणि उशिरा पेरलेला गहू उशिरा पिकतो. कापणीला आता सगळे हार्वेस्टरच वापरतात. ही यंत्रं मार्च महिन्यात पंजाबकडून मोठ्या संख्येनं येतात, पण बैसाखी झाली की पंजाबातच कापणी सुरू होते आणि ती परत फिरतात. मग मागे राहिलेल्यांना जे दोन-चार हार्वेस्टर गावात उरतात त्यांची वाट बघावी लागते. कक्का सहा बिघे बटाईनं करतो. अर्धं पीक जमिनीच्या मालकाचं, अर्धं त्याचं. यादीत त्याचा नंबर गुरुवारी होता आणि पुरवैया सोमवारी सुरू झाली होती.

आत्याच्या मोबाइलवर ‘यलो अलर्ट’ आला. खाली कारण लिहिलं होतं, पश्चिमी विक्षोभ. हा शब्द उत्तरेत रिक्षावालेसुद्धा वापरतात, आपल्याकडे तो बातम्यांपुरताच. भूमध्य समुद्राच्या आसपास तयार झालेला हवेचा एक गोंधळ उंचावरच्या वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकतो, इराण-अफगाणिस्तान ओलांडतो आणि उत्तर भारतात येतो. थंडीत तो आला की पहाडात बर्फ आणि मैदानात गव्हाला हवाहवासा पाऊस. एप्रिलमध्ये तो आला तर खाली जमीन तापलेली, पूर्वेकडून ओल आलेली, आणि वर हा गार हवेचा धक्का. म्हणजे वादळाला लागतं ते सगळं एकाच जागी. आत्या म्हणाली, “संत पौलाचं जहाज फुटलं बघ माल्टाजवळ, त्याच समुद्रातनं येतंय हे.” मला ते फार आवडलं. कक्काला सांगितलं असतं तर आवडलं नसतं.

मंगळवारी सकाळपासून उजेड पिवळट होता. झाडांच्या सावल्या पडत होत्या, पण त्यांना कडा नव्हत्या. शाळा बारा वाजता सुटली. चारच्या सुमाराला पश्चिमेला जमिनीलगत एक तपकिरी रेघ दिसली. मला वाटलं कुठेतरी शेत जळतंय. रेघ जाड होत गेली, तिची भिंत झाली, आणि एका सिस्टरनं ‘आंधी’ म्हणताच सगळं कॉन्व्हेंट पळायला लागलं. खिडक्या, कपडे, पापड, शाळेचं फाटक, मेन स्विच. प्रत्येकीचं काम ठरलेलं. माझं काही ठरलेलं नव्हतं म्हणून मी व्हरांड्यात उभी राहिले, आणि त्यामुळे ती येताना मला पूर्ण बघता आली.

आधी पाखरं गेली. मग वारा एकदम पडला, इतका की कडुलिंबाचं एक पान हलेना. मग आवाज आला, लांबून मालगाडी यावी तसा, आणि पुढच्या क्षणी समोरचं मैदान, फाटक, बस, काहीच नव्हतं. दिवसाउजेडी अंधार. तिकडे याला काली-पीली आंधी म्हणतात आणि ते वर्णन नाही, साधी नोंद आहे. दातांत वाळू, पापण्यांत वाळू. पंधरा-वीस मिनिटांनी मोठे मोठे थेंब पडले, मोजता येतील एवढे, आणि थांबले. पण हवा! ४२ वरून पारा २७ वर आला होता. माझ्या हातांवर काटा आला.

एवढी गार हवा आणि पाऊस इतकाच कसा, हे मी रात्री कंदिलाच्या उजेडात आत्याला विचारलं. ती विज्ञान शिकवते. ढगातून पाऊस पडतो खरा, पण खाली इतकी कोरडी हवा असते की तो वाटेतच वाफ होतो. वाफ होताना हवा गार होते, गार हवा जड होते, ती धाडकन जमिनीवर आदळते आणि चारी बाजूंना पसरते. समोर जी भिंत दिसली ती म्हणजे त्या पसरणाऱ्या हवेनं उचललेली धूळ. “आपला कूलरच की तो,” आत्या म्हणाली, “फक्त आभाळाएवढा.”

वीज रात्रभर आली नाही. आत्यानं कॉन्व्हेंटची रोजनिशी काढली. प्रत्येक कॉन्व्हेंटमध्ये अशी एक वही असते, घरात रोज काय झालं ते त्यात लिहायचं. केरळ, झारखंड आणि बेळगाव अशा तिघी असल्यामुळे ती इंग्रजीत असते. मी जुन्या वह्या चाळल्या. पाहुणे, परीक्षा, कुणाची तब्येत, आणि मध्ये मध्ये हवामान, एका ओळीत. २ मे २०१८ च्या पानावर मात्र अर्धं पान होतं. त्या रात्रीची आंधी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आग्रा, धोलपूर, भरतपूर. उत्तर प्रदेश आणि राजस्थान मिळून शंभराहून जास्त माणसं गेली, बरीचशी झोपेत, भिंती आणि झाडं अंगावर पडून. धोलपूर ग्वाल्हेरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. आत्याचं अक्षर त्या पानावर वेगळं होतं, घाईचं. तिनं फक्त काय काय पडलं त्याची यादी केली होती आणि शेवटी लिहिलं होतं की आपल्या गावात सगळे आहेत.

बुधवारची सकाळ इतकी सुंदर होती की मी ती इथे वर्णन करणार नाही. नाहीतर चौथी कविता होईल. एवढंच सांगते, की आभाळ धुतल्यासारखं होतं आणि आवारातल्या आंब्याखाली कोवळ्या कैऱ्यांचा खच पडला होता. तिथे त्यांना अमिया म्हणतात. केरळच्या सिस्टरनं चटणी केली. कक्का दोनदा शेतावर जाऊन आला. गहू थोडा आडवा झाला होता, पण दाणा सुका होता. हार्वेस्टरवाल्याचा फोन लागत नव्हता.

गुरुवारी हार्वेस्टर आला, दुपारी तीनला. मी आणि ड्रायव्हर शेतावर गेलो. सहा बिघे कापायला दोन तासही लागले नाहीत. यंत्र फिरतं, मागे वीतभर ताटं उभी राहतात आणि दाणा एका नळीतून ट्रॉलीत पडतो. एक ट्रॉली भरली, चाळीस क्विंटलच्या आसपास. मी मूठभर हातात घेतला. गरम होता आणि चमकत होता. ही चमक महत्त्वाची आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी जमिनीच्या मालकाच्या नावावर होती आणि माल न्यायची वेळ, म्हणजे ‘स्लॉट’, चार दिवसांनंतरचा होता. कक्काचं घर दोन खोल्यांचं. चाळीस क्विंटल गहू ठेवायचा कुठे? ट्रॉली शाळेच्या मैदानात उभी केली, वर तिरपाल बांधलं. संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. जेवताना कूलरची हवा चिकट लागत होती. कुणी काही बोललं नाही.

रात्री साडेदहाला पश्चिमेला वीज चमकायला लागली, आवाजाशिवाय. अकराला वारा आला आणि तिरपालाचा एक कोपरा सुटून फाडफाड वाजायला लागला. आम्ही सगळ्या बाहेर. कक्का आणि ड्रायव्हर ट्रॉलीवर चढून तिरपाल धरून बसले होते आणि ते धरवत नव्हतं. मैदानाच्या टोकाला बसचं शेड आहे, पक्क्या पत्र्याचं, दोन बस मावतील एवढं. ड्रायव्हर आत्याकडे बघत होता, पण बोलत नव्हता. बस त्याच्या ताब्यातल्या, जबाबदारी त्याची. आत्यानं खिशातून किल्ल्या काढून त्याच्याकडे टाकल्या. “दोनों बाहर निकालो. ट्रॉली अंदर.”

झारखंडच्या सिस्टर म्हणाल्या, “सिस्टर, बसच्या काचा...”

“बसचा विमा आहे,” आत्या म्हणाली. घाईत ती हे मराठीत बोलली, पण सगळ्यांना समजलं.

ट्रॅक्टर रात्रीचा मिळणार नव्हता. ट्रॉली बसला दोर बांधून ओढली, आणि मागून आम्ही ढकलली. शेडच्या तोंडाशी चाक एका दगडाला अडलं तेव्हा आभाळातून काहीतरी टणकन बसच्या टपावर पडलं. मग दुसरं. कक्का ओरडला, “ओले! ओले!” आणि मला क्षणभर कळेचना, की अजून थेंबही नाही तर ओलं काय झालं. मी मराठीत ओरडले, “आत्या, गारा!” तर ड्रायव्हर खाली चिखल बघायला लागला, कारण त्यांच्या हिंदीत गारा म्हणजे भिंतीला लावायचा चिखल. नंतर या गोष्टीवर सगळे खूप हसले. त्या वेळी कुणीही हसलं नाही. मी खाली वाकून दगड काढला आणि ट्रॉली आत गेली.

पुढची दहा मिनिटं पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आवळ्याएवढ्या गारा, काही त्याहून मोठ्या. गार म्हणजे पाण्याचा थेंब, जो ढगातल्या वर जाणाऱ्या वाऱ्यानं पुन्हा पुन्हा वर फेकला जातो, गोठतो, जाड होतो, आणि वाऱ्याला झेपेनासा झाला की पडतो. म्हणजे आवळ्याएवढी गार पडते तेव्हा वर तेवढं वजन झेलणारा वारा असतो. हे मला आधीपासून माहीत होतं. शेडमध्ये उभं राहून ते ऐकणं वेगळं. विजेच्या उजेडात दोन्ही बस उघड्यावर मार खात उभ्या दिसत होत्या. कक्का ट्रॉलीला पाठ टेकून खाली बसला होता. हात जोडलेले नव्हते, डोळे मिटलेले नव्हते. तो मोजत होता, असं मला वाटलं.

त्या आठवड्यात २५ एप्रिलही येऊन गेला. तो संत मार्कचा सण. सकाळच्या प्रार्थनेनंतर आत्यानं सांगितलं, की जुन्या पंचांगात या दिवशी शेतांतून मिरवणूक काढायचे आणि पिकांसाठी संतांची लितानी म्हणायचे. त्या लितानीत वीज आणि वादळ यांपासून सोडव अशी एक विनंती आहे. संतांची लितानी मी लहानपणापासून पुण्यशनिवारच्या रात्री ऐकत आले आहे, पेंगत पेंगत. बेळगावच्या चर्चमध्ये, मेणबत्तीचं मेण हातावर पडू नये म्हणून धडपडत. तिच्यामागे खरोखरच गारा आहेत, कुणाचा तरी गहू आहे, असं कधी डोक्यात आलं नव्हतं. कक्काची बायको त्याच सकाळी गावच्या मातेच्या चबुतऱ्यावर नारळ ठेवून आली होती. येताना ती आमच्या चॅपेलच्या दारातही थांबली.

शुक्रवारी नुकसान दिसलं. बसच्या तीन काचा. सिंध नदीच्या वाळूतले टरबुजांचे वेल चाळणीसारखे. ज्यांचा गहू अजून उभा होता त्यांचा जमिनीला चिकटलेला. खरेदी केंद्रावर मी आत्याबरोबर गेले. तिला कक्काच्या स्लॉटचं विचारायचं होतं. तिथे बऱ्याच लोकांचे ढीग उघड्यावर होते आणि भिजले होते. तपासणारा माणूस दाण्यात यंत्र घालून ओल बघत होता. बारा टक्क्यांपर्यंत ठीक. ओल उन्हात वाळवून काढता येते. पण भिजून वाळलेला दाणा मेंगळट पांढरा होतो, त्याचं तेज जातं. त्याला तिथे ‘चमकविहीन’ म्हणतात. हा इतका संस्कृत शब्द मी कवितेत वापरला असता तर आपल्या सरांनी खोडला असता. तिथे तो एक माणूस दुसऱ्या माणसाला सांगत होता आणि ऐकणाऱ्यानं डोक्याचा गमछा काढून हातात धरला होता.

कक्काचा गहू सुका होता. पण नुसता दाणा म्हणजे पीक नव्हे. हार्वेस्टर मागे जी ताटं सोडतो त्यांचा भूसा करतात, दुसऱ्या यंत्रानं, आणि तो वर्षभर म्हशींना पुरतो. ती ताटं शेतात उभी होती आणि ती पूर्ण भिजली. भिजलेल्या ताटांवर भूसा मशीन चालत नाही. वाळेपर्यंत थांबायचं, आणि वाळेपर्यंत पुन्हा पाऊस नको. कक्काच्या दोन म्हशी आहेत.

शनिवारी काचा आणायला आम्ही ग्वाल्हेरला गेलो, आणि आत्या मला लष्करात एका बाईंकडे घेऊन गेली. त्या आत्याच्या शाळेत पूर्वी शिकवायच्या, आता ऐंशीच्या घरात आहेत. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये जिथे पडला तेच पुढे लष्कर शहर झालं. बाईंचं घराणं तेव्हापासूनचं म्हणतात. घरात अस्सल मराठी, पण तिच्यात हिंदी अशी मुरलेली की वेगळी काढता येऊ नये. पन्हं प्यायला दिलं आणि म्हणाल्या, “पना घे गं, धूपमधून आलीस.” मी त्यांना वळवाबद्दल विचारलं. त्यांना शब्द माहीत होता.

“पुस्तकात वाचलाय ना. शाळेत शिकवलाय पण. मुलं विचारायची, बाई, वळीव म्हणजे काय? मी सांगायची, दक्षिणेत पडतो. आमच्याकडे नाही.”

“पण पाऊस तर पडतो ना आजी, याच दिवसांत?”

“पडतो की. आंधी येते, ओले पडतात. पण त्याला कुणी खूश होत नाही गं. इथे गहू बाहेर असतो.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “नौतपात तर नकोच. ते नऊ दिवस पूरे तापले नाहीत तर पुढे बारिश नीट होत नाही, म्हणतात. आमची भाषा मराठी, पण मौसम सगळा हिंदीतच.” थंडीत ‘पाला पडला’ म्हणजे पानं गळली नव्हेत, तर दहिवर गोठून पीक करपलं, हेही त्यांनीच सांगितलं, आणि लग्न होऊन पुण्याहून आलेल्या सुनेची त्यावरून कशी फजिती झाली तेही.

परतताना गाडीत मी विचार करत होते की आपला वळीव तरी एवढा भोळा आहे का. अथणी आणि तिकोट्याकडे द्राक्षांचे बेदाणे शेडवर सुकत असतात, तेव्हा तो आला तर तिथे कुणी कविता करत नाही. कॅम्पात राहणाऱ्या मला तो भोळा वाटतो कारण आमच्या गच्चीवर फक्त सांडगे असतात. तरी वळीव हा शब्द मला टाकवत नाही. मला तो वास आवडतो, अजूनही आवडतो. फक्त तो शब्द पठाराचा आहे, जिथे या दिवसांत बरीच जमीन नांगरून मोकळी पडलेली असते आणि पावसाला पडायला जागा असते. डबऱ्याच्या मैदानात एप्रिलमध्ये पावसाला जागाच नाही. खाली माणसांचं वर्षभराचं मांडून ठेवलेलं असतं.

रविवारी वारा पुन्हा पश्चिमेचा झाला. दुपारी लांब तीन ठिकाणी धूर दिसत होता. काही जण भिजलेली ताटं वाळताच पेटवून देत होते. तिकडे त्याला नरवाई जाळणं म्हणतात, आणि ते करायला मनाई आहे. कक्कानं ताटं हातानं उलटीपालटी केली होती, बायको आणि नातवाला घेऊन, मशीनची वाट बघत. मी स्टेशनला निघाले तेव्हा तो शेतातच होता. कांदा मात्र पाठवला होता, नवा.

दोन आठवड्यांनी आत्याचा व्हॉइस मेसेज आला. गहू पहिल्या तपासणीत पास झाला. बसच्या काचांचे विम्याचे पैसे अजून यायचेत. भूसा निम्मा निघाला, तोही काळपट, आणि कक्कानं एक म्हैस विकली, धाकटी. बाकी सगळे बरे आहेत. मागे घरघर ऐकू येत होती. “ऐकू येतंय का तुला?” आत्या म्हणत होती. “४५ झालंय आज. पण कूलर काय गार हवा देतोय म्हणून सांगू!”